‘एवढंसंच तर ऑपरेशन होतं!’

नौपाड्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, थोडं कमी करून इथे देते.

“मी ५३ वर्षांची. नोकरी फोर्टला. पित्ताशयात खडे निघाले म्हणून ठाण्यातल्याच एका हॉस्पिटलात दुर्बिणीतून ऑपरेशन करून पित्ताशय काढलं. तीन रात्री राहिले. ऑपरेशन छान झालं असं सगळे म्हणतात, पण ते तीन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. रात्री बारापासून पाण्याचा थेंब नाही आणि नंबर लागला दुपारी साडेतीनला. जरा डोळा लागला की बीपी बघायला उठवायचे, पहाटे रक्त घ्यायला, मग फरशी पुसायला. सर्जन आले, ‘छान आहे’ म्हणाले आणि गेले. सलाईनचा हात सुजला तरी दोनदा बेल मारावी लागली. शेवटच्या दिवशी सकाळी दहाला ‘आज घरी’ म्हणाले आणि इन्शुरन्सच्या अप्रूव्हलपायी रात्री साडेआठपर्यंत कपडे करून बसवून ठेवलं. घरी आल्यावर उजवा खांदा असा काही दुखला, की हार्ट अटॅकच आला असं वाटलं. असं होतं हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं. आता दीड आठवडा होत आला. अंघोळ केली तरी दमायला होतं. काही कारण नसताना रडू येतं. यजमान म्हणतात, ‘चार भोकं तर पाडलीत, एवढंसंच तर ऑपरेशन होतं.’ नणंदबाईंची मैत्रीण म्हणे आठव्या दिवशी कामावर हजर झाली होती. सोमवारपासून जायचं म्हणतेय. माझंच काही चुकतंय का?”

ताई,

तुमचं काही चुकत नाहीये, आणि सोमवारी ऑफिसला जाऊ नका. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल.

माझी नोकरी वॉर्डातली. तुमच्या पत्रातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मी पेशंटच्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि बहुतेक वेळा ते सांगताना माणूस आधी माफी मागतो: तक्रार नाही हो, पण. तुम्हीही तेच केलंय. तक्रार आहे, आणि ती असायला हवी.

आधी त्या ‘एवढंसं’बद्दल. हे ऑपरेशन पूर्वी उजव्या बरगडीखाली मोठा छेद घेऊन व्हायचं. आठवडाभर वॉर्डात मुक्काम, टाके काढूनच घरी. दुर्बिणीतून पित्ताशय काढायला आपल्या देशात सुरुवात झाली ती १९९० साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेमतन उदवाडिया यांच्या हातून. त्यानंतर कातडीवरचा छेद लहान झाला, दुखणं कमी झालं, जखम चिघळायची भीती कमी झाली. पेशंटचं फार भलं झालं यात शंका नाही. पण आत जे करायचं ते तेच राहिलं. पित्ताशयाची नळी आणि तिथली रक्तवाहिनी क्लिपा लावून बंद करायची, कापायची, आणि यकृताला चिकटलेलं पित्ताशय हळूहळू सोडवून बाहेर काढायचं. यजमानांना दिसतात ती चार भोकं. आतली जखम त्यांना दिसत नाही, आणि तुम्हालाही दिसत नाही. म्हणून तर तुम्ही स्वतःला दोष देत बसलात.

हॉस्पिटलातले दिवस कमी झाले म्हणजे बरं व्हायचे दिवसही तेवढेच कमी झाले, असा अर्थ आपल्याकडे घरोघरी लावला जातो. तसं झालेलं नाही. ते दिवस वॉर्डातून उठून घरी आले, एवढंच. वॉर्डात त्या दिवसांची काळजी घ्यायला सिस्टर होती, ताट हातात आणून द्यायला मावशी होती, भेटायला येणाऱ्यांना वेळेचं बंधन होतं. घरी यातलं काहीच नसतं. घरी आल्या आल्या बाईच्या हातात दुधाचं पातेलं येतं.

तुमच्या थकव्याला आधार हवा असेल तर तोही देते. अमेरिकेत येल विद्यापीठातले हृदयरोगतज्ज्ञ हार्लन क्रुमहोल्झ यांनी २०१३ साली एक निरीक्षण मांडलं. तिथे दवाखान्यातून घरी गेलेल्या वयस्क पेशंटपैकी जवळपास पाचातला एक जण महिन्याभरात परत भरती होतो, आणि पुष्कळदा मूळ आजारासाठी नाही, भलत्याच कारणासाठी होतो. त्यांचं म्हणणं असं, की दवाखान्यातला मुक्काम स्वतःच शरीराला खिळखिळं करतो. मोडलेली झोप, धड न झालेलं जेवण, दुखणं, पडून राहणं, काय चाललंय ते न कळणं, या सगळ्याचा मिळून तो परिणाम. तुम्ही त्या वयाच्या नाही आणि तुमचं ऑपरेशन सुरळीत झालंय. पण तीन दिवसांत तुमच्या वाट्याला यातलं काय काय आलं, ते तुमच्याच पत्रात आहे.

आता त्या तीन दिवसांचं. त्यातलं काही गरजेचं होतं, काही अजिबात नव्हतं. हा फरक तुम्हाला कुणी समजावून सांगितला असता तर निम्मा राग तिथेच निवला असता.

ऑपरेशनच्या पहिल्या रात्री उठवणं गरजेचं होतं. आत रक्तस्राव होतोय का, श्वास नीट चाललाय का, हे नाडी आणि बीपीवरूनच आधी कळतं. त्या रात्री तुम्हाला न उठवणारी सिस्टर मला चालली नसती. पहाटेचं रक्त घेतात ते डॉक्टरांच्या राउंडच्या आत रिपोर्ट यावा म्हणून. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या रात्री, सगळं ठीक असताना, बीपी, गोळी आणि ताप बघणं एकाच वेळी उरकता येतं. ते का होत नाही? रात्रपाळीला सिस्टर कमी असतात, आणि पेशंट विचारत नाही. विचारावं. ‘सिस्टर, मध्ये झोप मिळेल असं काही जमतं का?’ एवढं म्हटलं तरी बऱ्याच जणी वेळ जुळवून घेतात.

पाण्याचं मात्र मला पटलेलं नाही. भूलतज्ज्ञांचे आजचे नियम असे आहेत की धडधाकट मोठ्या माणसाला ऑपरेशनच्या ६ तास आधीपर्यंत हलकं खाणं आणि २ तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं. मधुमेह किंवा पोट उशिरा रिकामं होण्याचा त्रास असेल तर गोष्ट वेगळी, ते भूलतज्ज्ञच ठरवणार. पण साडेतीनच्या ऑपरेशनसाठी मध्यरात्रीपासून घसा कोरडा ठेवणं हे बहुतेक वेळा वॉर्डाच्या सोयीसाठी असतं. यादी वरखाली होते, म्हणून सगळ्यांनाच सरसकट उपाशी ठेवून मोकळं व्हायचं. पुढे घरात कुणाचंही ऑपरेशन निघालं तर आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ तपासायला येतात तेव्हा सरळ विचारा: माझा नंबर साधारण कितीला, आणि पाणी कुठपर्यंत चालेल?

सलाईनचा हात सुजला म्हणजे सुई शिरेतून सरकली होती किंवा शीर सुजली होती. तिथे पहिल्या बेलला यायलाच हवं होतं. याला सबब नाही. आता त्या जागी शीर दोरीसारखी कडक लागत असेल तर घाबरू नका, ती मऊ पडायला दोन-तीन आठवडे घेते. कोमट पाण्याने शेका. लाल होऊन तापू लागली किंवा पू दिसला तर मात्र दाखवा.

आणि खांदा! तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, आत जागा व्हावी म्हणून. तो थोडा मागे राहतो आणि छाती-पोटामधल्या पडद्याला टोचतो. त्या पडद्याची नस निघते मानेतून, जिथून खांद्याच्याही नसा निघतात. त्यामुळे मेंदूला वाटतं की खांदाच दुखतोय. दोन-तीन दिवसांत हा वायू शरीरात जिरतो. तोवर घरातल्या घरात फेऱ्या मारल्या आणि खांदा शेकला की बरं वाटतं. एवढं सांगायला किती वेळ लागतो? ते न सांगितल्यामुळे एक बाई रात्रभर मरणाच्या भीतीत राहिली. छातीत कळ, घाम, धाप असं एकत्र असेल तर वाट न बघता दवाखाना गाठायचा, हे सांगणंही तितकंच गरजेचं होतं.

आता घरचं बघू. तुमच्या घराला लिफ्ट आहे की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत ती नसतेच पुष्कळ ठिकाणी, म्हणून सांगते. जिना चढायला हरकत नाही. कठडा धरून, मध्ये थांबत, दिवसातून एकदा खाली-वर करा. हात मोकळे ठेवा, भाजीची पिशवीसुद्धा दुसऱ्याने आणायची. तुमच्या बेंबीपाशी जे भोक आहे तिथे आतला स्नायूचा थर अजून जुळतोय. त्यावर ताण आला तर पुढे हर्निया व्हायची शक्यता असते. म्हणून भरलेली बादली, गिरणीतला दळणाचा डबा, गॅसचा सिलेंडर, कडेवर चढू बघणारं नातवंड, यातलं काही ४ ते ६ आठवडे उचलायचं नाही. तुमचे सर्जन नक्की आकडा देतील, तो पाळा.

पलंगावरून उठताना अजूनही पोटात ओढ बसत असेल. सरळ उठून बसायला जाऊ नका. आधी गुडघे दुमडा, मग खांदा आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर या. पाय पलंगाखाली सोडा आणि कोपर-तळहातावर जोर देऊन बाजूने उठा. पोटाच्या स्नायूंना काही करायला लावायचंच नाही. बसल्यावर दोन श्वास घ्या, मग उभ्या राहा. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की छोटी उशी पोटाशी घट्ट धरा. ती उशी जवळच असू द्या. दाखवायला रिक्षाने जाल तेव्हा खड्ड्यात आणि स्पीडब्रेकरवर तीच उपयोगी पडेल.

खाण्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण एव्हाना चार जणींनी ‘आता जन्मभर तेल-तूप बंद’ असं सांगितलं असणार. तसं काही नाही. पित्त तयार होतं यकृतात. पित्ताशय ही त्याची साठवणीची जागा होती, ती गेली. आता पित्त थेट आतड्यात उतरतं. शरीराला हे अंगवळणी पडेपर्यंत काही आठवडे तळलेलं, तेलकट कमी खा आणि एकदम पोटभर न जेवता थोडं थोडं खा. कुणाकुणाला जेवल्यावर शौचाला पातळ होतं, ते बहुधा हळूहळू थांबतं. नाही थांबलं तर त्यावर औषध आहे. मामलेदारची मिसळ तेवढी सध्या राहू द्या. पण नुसत्या पेजेवर आणि चहा-बिस्किटावरही राहू नका. जखम भरायला प्रथिनं लागतात. वरण, मुगाची खिचडी, दही, पनीर, चालत असेल तर अंडं, यातलं काहीतरी रोज दोन्ही वेळच्या जेवणात हवं. दमणूक कमी व्हायला याचा फार उपयोग होतो. दुखण्याच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं. कुंथू नका, डॉक्टरांकडून सौम्य रेचक मागून घ्या, मागायला लाजू नका. टाक्यांवर हळद-तेल काही लावू नका. कोरडे ठेवा, बस.

ताप १००.४ च्या वर गेला, डोळे किंवा लघवी पिवळीधमक दिसू लागली, पोटदुखी कमी व्हायच्या ऐवजी वाढत चालली, उलट्या थांबेनात, टाक्यातून पू किंवा पाणी येऊ लागलं, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, यातलं काहीही झालं तर तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी जायचं, रात्र असली तर कॅज्युअल्टीत.

रडू येतं त्याबद्दल. ऑपरेशननंतर मन असं हळवं होणं मी धडधाकट पुरुषांतही पाहिलंय. भूल, दुखणं, झोपेचं खोबरं, आणि सगळं संपल्यावर उशिरा चढलेली भीती, यातून ते येतं. आलं तर येऊ द्या. दिवस जातील तसं ते कमी होत जायला हवं. दोन आठवडे सलग मन उदास राहिलं, जेवण-झोप उडाली, कशातच रस वाटेना, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे, तिथे मराठीतून बोलता येतं.

तुमची खुर्ची खिडकीशी ओढून घ्या, हे मी गंमत म्हणून सांगत नाही. रॉजर उलरिक नावाच्या संशोधकाने १९८४ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाची जुनी कागदपत्रं तपासली. पेशंट सगळे पित्ताशयाच्याच ऑपरेशनचे. २३ जणांच्या खिडकीतून झाडं दिसायची, २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामकं कमी लागली. नौपाड्यात अजून झाडं आहेत. आणि सकाळी बरं वाटेल तेव्हा सोबत घेऊन तलावपाळीपर्यंत जा. आधी बाकावर बसून परत या, मग अर्धी फेरी. पूर्ण फेरी जमली आणि घरी येऊन आडवं व्हावंसं वाटलं नाही, की समजा अंगात ताकद येतेय.

मग ऑफिस. दुर्बिणीच्या या ऑपरेशननंतर बसून करायच्या कामावर पुष्कळ जण दोन आठवड्यांनी जातात, हे खरं आहे. नणंदबाईंची मैत्रीण आठव्या दिवशी गेली असेल, तिचं शरीर, तिचं काम आणि तिचा प्रवास तिला माहीत. तुमचा प्रश्न खुर्चीवर बसण्याचा नाहीच, खुर्चीपर्यंत पोचण्याचा आहे. सकाळच्या गर्दीत ठाणे स्टेशनचा पूल चढायचा, डब्यात शिरायचं, तासभर हँडलला धरून उभं राहायचं, आणि कुणाचं कोपर, कुणाची बॅग कधी बेंबीवर येईल याचा नेम नाही. हे अजून निदान दोन आठवडे नको. सर्जनकडून सर्टिफिकेट वाढवून घ्या. घरून काम होण्यासारखं असेल तर अर्धा दिवस त्यापासून सुरुवात करा. जायला लागाल तेव्हा पहिले काही दिवस वेळ बदलून मागा, गर्दी ओसरल्यावर ठाण्याहूनच सुटणारी स्लो पकडा. बसायला जागा मिळेल. वेळ लागला तर लागू दे.

यजमानांना रागावू नका, हे पत्र वाचायला द्या. साहेब, तुमचं मन वाईट नाही, याची मला खात्री आहे. ‘एवढंसंच तर होतं’ हे बहुधा त्यांना धीर यावा म्हणून तुम्ही म्हणालात. पण त्यांच्या कानाला ते ‘आता ऊठ आणि कामाला लाग’ असं ऐकू जातं. म्हणून बोलण्यापेक्षा कामं वाटून घ्या. बादली भरणं-उचलणं, दळण, भाजी, आणि भेटायला येणाऱ्यांचा चहा. हा चहा फार महत्त्वाचा आहे. आजारी बाईला बघायला म्हणून माणसं येतात आणि तीच उठून त्यांच्यासाठी आधण ठेवते, हे आपल्या घरांतून बंद झालं पाहिजे. फोन आला की सांगा, संध्याकाळी पाच ते सहा या. दुपारी दाराची बेल वाजता कामा नये, तेव्हा त्या झोपलेल्या असतील.

राहिला डिस्चार्जचा दिवस. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २९ मे २०२४ च्या परिपत्रकात सांगितलंय, की हॉस्पिटलकडून डिस्चार्जची विनंती आल्यावर विमा कंपनीने तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची. उशिरामुळे हॉस्पिटलने जादा आकारणी केली तर ती कंपनीने सोसायची. पण हे तीन तास सुरू होतात विनंती कंपनीला पोचल्यावर. त्याआधी फाइल वॉर्डातून बिलिंगला जाते, न वापरलेली औषधं फार्मसीत परत होतात, डिस्चार्ज समरी टाइप होते, आणि दिवस तिथेच सरतो. म्हणून टीपीए डेस्कला, म्हणजे हॉस्पिटलात विम्याचं काम बघणाऱ्या टेबलावर, एकच प्रश्न विचारायचा असतो: फायनल बिल कंपनीकडे किती वाजता गेलं? तुम्ही अजूनही हे लेखी विचारू शकता. त्या दिवसाचं जादा भाडं बिलात लागलं असेल तर जरूर विचारा. कंपनीने दाद दिली नाही तर ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार टाकता येते, त्यापुढे विमा लोकपाल आहेत. हॉस्पिटलबद्दलची तक्रार वेगळी लिहा, अधीक्षकांच्या नावे, एका पानात: सुजलेला हात, दोनदा मारलेली बेल, खांद्याबद्दल न दिलेली माहिती. तारीख आणि वेळ घाला, पोच घ्या. मी वॉर्डात असताना अशा पत्रांमुळेच गोष्टी बदललेल्या पाहिल्यात. तोंडी बोललेलं पाळी बदलली की विरून जातं.

घरी आल्यानंतरची औषधं, तपासण्या, डॉक्टरांची फी यांची बिलं जपून ठेवा. बहुतेक पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्च मिळतो, किती दिवसांचा ते तुमच्या पॉलिसीत बघा.

आणि फेरतपासणीला जाताना पित्ताशयाचा पॅथॉलॉजी रिपोर्ट आलाय का ते विचारून घ्या. काढलेलं पित्ताशय तपासायला पाठवतात आणि रिपोर्ट डिस्चार्जनंतर येतो, त्यामुळे तो न्यायचा राहून जातो. तो घेऊन सर्जनना दाखवायचाच. प्रश्न कागदावर लिहून न्या आणि खोलीत शिरताच कागद टेबलावर ठेवा: वजन कधीपासून उचलू, लोकलने कधी जाऊ, पोटात ओढ बसते ती कधी जाईल, रजा किती वाढवून देता. यजमानांना बरोबर न्या, बाहेर बाकावर बसवू नका, आत घेऊन जा.